पाच गुणांचं नेढं

माझ्या आत्याला सुईत दोरा ओवता येत नाही, ही गोष्ट दीड वर्ष फक्त दोन माणसांना ठाऊक होती. एक आत्या आणि दुसरी माझी आई. मला आणि वडिलांना ती दिसत होती, पण आम्हाला ती ठाऊक असण्याची परवानगी नव्हती.

एरवी यात लपवण्यासारखं काय आहे? बासष्टाव्या वर्षी कुणाला सुईचं नेढं दिसतं? पण आत्या एकतीस वर्षं शिवण शिकवत आली होती. महिला संस्थेच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, तीत पायानं चालवायची तेरा मशिनं, भिंतीला कापड बेतायचे कागदी नमुने टांगलेले हुक आणि फळ्याखाली एक उंच स्टूल. त्या स्टुलावर आत्या. तिच्या वर्गात पहिले चार दिवस कापड दिसत नसे. नुसती सुई आणि दोरा. ओवायचा, काढायचा, परत ओवायचा. एखादी पोर दोरा तोंडात घालून ओला करायला लागली की आत्या म्हणायची, "चोखतेस काय? गोळी आहे का ती?" चार दिवसांत निम्म्या पोरींना रडू फुटायचं आणि उरलेल्या निम्म्यांना शिवण यायला लागायचं. नेढं म्हणजे सुईचं भोक, एवढ्यावर तिचं समाधान नसे. नेढं म्हणजे शिवणाचं दार, असं ती म्हणायची, आणि आता ते दार तिलाच सापडत नव्हतं.

सुरुवातीला तिनं दोष सुयांना दिला. हल्ली सुया करणारे भोक पाडायलाच विसरतात, असं तिचं मत झालं. मग दोऱ्याला दिला, की त्याला पूर्वीसारखा पीळ राहिला नाही. मग दिव्याला दिला. वडिलांनी तिच्या खोलीतला दिवा तीनदा बदलला. तिसरा दिवा असा लागला की समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी खिडकीतून विचारलं, तुमच्याकडे फोटो काढायचा धंदा सुरू केलात का? मग चष्मा आला, चष्म्यावर चष्मा आला, आणि शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की चष्म्याचं काम संपलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशनला नंबर चार महिन्यांनी लागेल. आत्यानं विचारलं, एकाच डोळ्याचं आधी उरकता येईल का, सुईत बघायला एकच लागतो. डॉक्टर हसले. आत्या हसली नाही. ती चौकशी खरी होती.

तोवर तिनं आणि आईनं आपली एक व्यवस्था बसवली होती. हातशिलाईसाठी आई रोज सकाळी एका रिळाच्या दोऱ्यात वीस सुया माळेसारख्या ओवून द्यायची. वर्गात आत्यानं एक सुई ओढायची, हवा तेवढा दोरा कापायचा, बाकीच्या एकोणीस मागे सरकवायच्या. बघणाऱ्याला वाटावं, काय टापटीप आहे बाईंची. हे ओवणं आई दूध तापत असताना करायची, त्यामुळे आठवड्यातून दोनदा दूध उतू जायचं आणि खापर आत्याच्या डोक्यावर फुटायचं.

मशीनची युक्ती मात्र आत्याची स्वतःची. रंग बदलायचा झाला की जुना दोरा ती काढायचीच नाही. रिळाजवळ तो कापायचा, त्याच्या टोकाला नवा दोरा एवढ्याशा गाठीनं बांधायचा आणि सुईकडून ओढत राहायचं. गाठ वरच्या आकड्यातून, ताणाच्या चकत्यांतून, वरखाली होणाऱ्या दांड्यातून सरकत यायची आणि नेढ्यातून जाताना बारीकसा टक् आवाज करून पलीकडे पडायची. तो आवाज आला की आत्याच्या जिवात जीव यायचा. अट एकच होती. सुई मोडता कामा नये. मोडली की मशीन 'बिघडलं' असं जाहीर व्हायचं आणि दुपारी आई डबा घेऊन जाईपर्यंत बिघडलेलंच राहायचं. एकदा आई गावाला गेली असताना सकाळीच सुई मोडली. त्या दिवशी आत्यानं पोरींना काज या विषयावर दोन तास तोंडी शिकवलं. काजाबद्दल इतकं बोलता येतं हे त्या दिवशी तिलाही पहिल्यांदाच कळलं म्हणे.

आणि अशा सगळ्या सुरळीत चाललेल्या संसारात संस्थेचं पत्र आलं.

पत्र मी वाचून दाखवलं. यापुढे शिकवणाऱ्या प्रत्येक बाईंची प्रत्यक्ष परीक्षा होणार होती. बाहेरून परीक्षक येणार, वर्ग भरलेला असताना, विद्यार्थिनींच्या समोर. काज पंचवीस गुण, कॉलर चाळीस, खिसा तीस. एवढं ऐकेपर्यंत आत्या खुर्चीत मागे रेलून बसली होती. मग मी खालची ओळ वाचली. नवी सुई लावून तीत दोरा ओवणे, हाताच्या व मशीनच्या, गुण पाच. आणि त्याखाली, कोणत्याही एका भागात अनुत्तीर्ण झाल्यास वर्ग दुसऱ्यांकडे सोपवण्यात येईल.

दुसऱ्यांकडे म्हणजे कुणाकडे हे लिहिलेलं नव्हतं, पण आत्यानं ते वाचलं. खालच्या मजल्यावर भरतकाम शिकवणाऱ्या बाईंचा त्या खोलीवर सात वर्षांपासून डोळा होता. त्या बाई काजाच्या कडा डिंकानं चिकटवतात, असं आत्याचं म्हणणं. खरं-खोटं देव जाणे, पण आपल्या तेरा पोरी डिंकाच्या हाती जाणार या कल्पनेनं तिला जेवण गेलं नाही.

"पंचाण्णव गुण माझ्या बोटांत आहेत," ती आईला म्हणाली, "आणि पाच गुण त्या मेल्या भोकात."

आईचं म्हणणं सरळ होतं. सांगून टाका. डोळे काय तुम्ही मुद्दाम बिघडवलेत? चार महिने थांबा म्हणावं.

"सांगते की. आणि मग चार महिने घरी बसून काय करू, वहिनी? तुमच्या दुधाकडे बघू?"

"बघा ना. निदान उतू तरी जाणार नाही."

"मला दिसत असतं तर बघितलं नसतं?"

यावर दोघीही हसल्या, आणि मग आत्या उठून आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

परीक्षेला अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांत आमच्या घरात जो काही छळ झाला तो मी थोडक्यात सांगते, कारण सविस्तर सांगायला गेले तर मलाच पुन्हा डोकेदुखी सुरू होईल.

पहिल्यांदा दोऱ्याला मेण लावून झालं. दोरा ताठ झाला आणि ताठपणे नेढ्याच्या शेजारून गेला. मग टोक तिरकं कापून झालं. मग सुईमागे पांढरा कागद धरून झाला. कागद आई धरायची, आणि आईचा हात हलतो असं आत्याचं म्हणणं पडलं, म्हणून वडिलांना बसवलं. वडील कागद धरल्या धरल्या पेंगायला लागले. मग बाजारातून ओवणी आणली. पत्र्याची टिकली आणि तिला केसासारख्या तारेचा फास. तार नेढ्यात घालायची, तारेत दोरा घालायचा, मागे ओढायचं, झालं. पण तार नेढ्यात जायला नेढं दिसावं लागतं. अर्ध्या तासानं आत्यानं ती टिकली टेबलावर आपटली. सुईत दोरा घालायचं यंत्र सुईत घालायला आणखी एक यंत्र आणा, असं ती वडिलांना म्हणाली, आणि वडील बिचारे खरंच दुकानात विचारून आले.

मग मी शहाणपणा केला. मोबाइलचा कॅमेरा लावून सुई मोठी करून दाखवली. पडद्यावर नेढं एवढं झालं की त्यातून मांजर जावं. आत्या हरखली. पण पडद्याकडे बघितलं की हात कुठे आहे ते कळेना, आणि हाताकडे बघितलं की नेढं गायब. दोरा पुढे न्यायला गेली की तो पडद्याबाहेरच जायचा. पंधरा मिनिटांनी तिनं माझा फोन शांतपणे ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. संध्याकाळी मागून घ्यावा लागला.

रोज असंच. सकाळी नवी उमेद, दुपारी चिडचिड, संध्याकाळी अबोला. जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे इतके पडायचे की केर काढताना आईच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. आत्या कधी कुणावर आवाज चढवत नसे, पण त्या दिवसांत तिनं कुकरला, खिडकीला आणि एका कबुतराला दम दिला.

आठव्या दिवशी तिचा संताप अनावर झाला. हाताची सुई उजव्या हातात होती. दोरा तिनं डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात असा करकचून धरला होता की बाहेर टोकसुद्धा दिसत नव्हतं, आणि ती सुईचं बोथट टोक त्या चिमटीवर नुसतं रोवत होती, कुणाला तरी टोचावं तसं. दोरा सुईकडे न्यायचं सोडून सुईच दोऱ्यावर आदळत होती. आई समोर बसून शेंगा सोलत होती.

"वन्सं, थांबा," आई म्हणाली. "गेलाय."

"कोण गेलंय?"

"दोरा."

आत्यानं चाचपलं. खरंच गेला होता. दाबलेला दोरा चपटा होऊन नेढ्यात वर आला होता. तिनं पुन्हा केलं, पुन्हा गेला. डोळे मिटून केलं. छताकडे बघून केलं. त्या संध्याकाळी तिनं चाळीस वेळा सुई ओवली आणि आईनं रात्रीच्या भाजीला मीठ घातलं नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पण हे हाताच्या सुईचं झालं. मशीनची सुई जागची हलत नाही. ती वर स्क्रूमध्ये आवळलेली, खाली दाबपट्टी, मधे बोटभर जागा. तिथं चिमूट घुसवायला गेलं की नेढं बोटाला लागतच नाही. तीन दिवस तिनं तेही करून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मशीनवर झाकण घालून ती माझ्याशी एकच वाक्य बोलली, उद्या रजा काढ आणि मला पोचवायला चल.

मी पोचवायला गेले आणि दाराजवळच्या बाकड्यावर बसले. परीक्षक बाई माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या. किडकिडीत, कमी बोलणाऱ्या, हातात पुठ्ठ्यावर अडकवलेला छापील कागद आणि कानावर पेन्सिल. तेरा पोरी आपापल्या मशीनमागे मान ताठ करून बसल्या होत्या.

हाताची सुई आधी झाली. आत्यानं पाकिटातून नवी सुई काढली, दोरा चिमटीत धरला आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओवून दाखवला. एक पोर टाळी वाजवणार होती, शेजारणीनं तिचा हात धरला. परीक्षक बाईंनी खूण केली आणि म्हणाल्या, आता मशीन.

नवी सुई लावणं काही कठीण नव्हतं. मशीनच्या सुईची एक बाजू चपटी असते, ती मागे. अंगठ्याला कळतं. रीळ, आकडा, चकत्या, दांडा, खालची तार, तिची बोटं सगळी वाट सवयीनं चालून आली आणि सुईपाशी येऊन उभी राहिली.

पहिल्यांदा दोरा डावीकडून गेला. दुसऱ्यांदा उजवीकडून. तिनं टोक कापलं. तिसऱ्यांदा तो नेढ्यात गेला असं वाटून तिनं पलीकडून ओढायला हात नेला आणि हाताला काहीच लागलं नाही. चौथ्यांदा, पाचव्यांदा. डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता. सहाव्या वेळेला आत्या म्हणाली, जरा उजेड कमी आहे, मुलींनो, दिवा लावा कुणीतरी. कुणी हललं नाही. परीक्षक बाई स्वतः उठल्या आणि भिंतीशी जाऊन त्यांनी बटण दाबलं. दिवा गेला. तो मघापासून लागलेलाच होता. त्यांनी पुन्हा बटण दाबलं आणि जागेवर येऊन बसल्या.

मला खाली मान घालावीशी वाटली, आणि ती मी घातलीही. आता आत्या उठणार, पर्स उचलणार, जिना उतरणार, आणि खालच्या मजल्यावरची डिंकाची बाटली वर येणार.

स्क्रू फिरवल्याचा आवाज आला म्हणून मी वर बघितलं. आत्यानं लावलेली सुई परत काढली होती. परीक्षक बाईंना वाटलं असावं की बाईंनी सोडून दिलं, कारण त्यांनी कानावरची पेन्सिल हातात घेतली. पण आत्यानं ती सुटी सुई उजव्या हातात धरली, नखानं तिच्या अंगावरची, नेढ्यापर्यंत जाणारी खाच शोधली आणि मशीनमधून आलेला दोरा डाव्या चिमटीत करकचून दाबून धरला. मग खाचेकडून सुई त्यावर रोवली. हाताच्या सुईचं नेढं बोथट टोकाला असतं. मशीनच्या सुईचं अणीजवळ. पहिल्या खेपेला अणी तिच्या अंगठ्यात गेली. तिनं अंगठा पुसला. दुसऱ्या खेपेला दोरा गेला. ओवलेली सुई तशीच उचलून तिनं चपटी बाजू मागे करून जागेवर बसवली, स्क्रू आवळला, कापड सरकवलं आणि एक वीतभर टीप मारली. टीप ओळंब्यासारखी सरळ होती.

खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मीसुद्धा.

परीक्षक बाई वाकून ती टीप बघत होत्या. त्यांनी विचारलं, सुई काढून का ओवलीत?

आत्याला थापा मारता येत नाहीत अशातला भाग नाही. दीड वर्ष ती दुसरं काय करत होती? ती स्थिर आवाजात म्हणाली, "आमची जुनी पद्धत आहे ही."

परीक्षक बाईंनी मान डोलावली आणि पेन्सिल कागदावर टेकवली. पाच गुण आले होते. वर्ग राहिला होता. मी पिशवीचे बंद हातात गुंडाळायला सुरुवात केली होती.

तेवढ्यात कागद फडफडले. पुढच्या मशीनवरच्या पोरीनं वही उघडली होती. नीट अक्षरात लिहिणारी पोर ती. ती लिहिता लिहिता पुटपुटत होती, सुई आधी ओवावी, मग मशीनला लावावी. तिचं बघून दुसरीनं वही काढली, मग तिसरीनं. घटकाभरात तेरा पेन्सिली चालायला लागल्या.

आत्या ऐकत होती. तिचा चेहरा मी बघितला. तेरा पोरी उद्या आपापल्या घरी, दुकानात, कारखान्यात बसून दरवेळी सुई काढतील, ओवतील, परत लावतील. लोक विचारतील, कुणी शिकवलं असलं? आणि त्या तिचं नाव सांगतील.

"खोडा ते," आत्या म्हणाली.

कुणाला कळलं नाही. पेन्सिली थांबल्या.

"खोडा म्हणते ना. ती पद्धतबिद्धत काही नाही. मला नेढं दिसत नाही, म्हणून केलं मी तसं. दीड वर्ष दिसत नाही. तुम्हाला दिसतंय ना धडधडीत? मग सुई लावायची, समोरून दोरा घालायचा, मागून ओढायचा. चार दिवस काय शिकवलं मी तुम्हाला?"

पोरींनी मुकाट्यानं खोडलं. खोडरबरांचा तो आवाज मी विसरणार नाही. परीक्षक बाईंनी पेन्सिल उचलून पुन्हा कानावर ठेवली, आणि काही विशेष घडलंच नाही अशा सुरात म्हणाल्या की काज, कॉलर आणि खिसा बघून घेऊ.

ती तिन्ही दीड तासात झाली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण त्यात चूक एकही नव्हती.

मग त्या कागद घेऊन बसल्या. ओवण्यापुढे छापील दोनच चौकोन होते, येतं आणि येत नाही. दोन्ही रिकामे ठेवून त्यांनी कडेच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं आणि वाचून दाखवलं. हाताची सुई स्वतः ओवतात. मशीनची सुई ओवण्यास मदतनीस द्यावी. वर्ग चालू ठेवावा. ऑपरेशननंतर एवढ्या भागाची फेरपरीक्षा.

आत्याला आनंद व्हायला हवा होता. ती चिडली. मदतनीस कशाला, मी काय पांगळी आहे का, एकतीस वर्षं या खोलीत मला कुणी पाण्याचा पेलाही हातात आणून दिलेला नाही, आता माझ्या डोक्यावर कोण आणून बसवणार तुम्ही? परीक्षक बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बाहेरून कुणी नाही, यांच्यातलीच कुणीही चालेल.

तेराच्या तेरा हात वर गेले.

"हात खाली," आत्या म्हणाली. "काजं झाली का सगळ्यांची?"

हात खाली आले. परीक्षक बाईंनी कागद तिच्यापुढे सरकवला आणि पेन दिलं. आत्यानं पेन कागदावर धरलं आणि ते तसंच अधांतरी राहिलं. एरवी ती अंदाजानं कुठेतरी ओढून मोकळी झाली असती. या वेळी तिनं मान वर केली.

"कुठे?"

परीक्षक बाईंनी आपला हात कागदावर ठेवला. "माझ्या बोटाला लागून, उजवीकडे."

आत्यानं डाव्या हातानं त्यांचं मनगट चाचपलं, मनगटावरून बोटापर्यंत आली आणि सही केली.

जिना उतरताना मी तिचा दंड धरला. तिनं सोडवून घेतला, मग दोन पायऱ्यांनी आपणहून धरू दिला. निम्म्या जिन्यावर ती थांबली. मग म्हणाली, बाई तशा बऱ्या आहेत, पण त्यांच्या बाहीची दुमड मनगटाशी उसवली आहे, चार टाके गेलेत.

"तुला कसं दिसलं?" मी विचारलं.

"दिसलं कुठे? हाताला लागलं," आत्या वैतागून म्हणाली. "अशी बाही घालून दुसऱ्यांची परीक्षा घेत फिरतात. सांगणार होते मी. पण सही व्हायची होती ना."